माळावरचं करवंदे

देवराई म्हणजे तीन बाभळी, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. आमच्या घरामागं माळ संपून ओढ्याची खळगी सुरू व्हायची, तिथं पलीकडच्या काठाला त्या बाभळी एकमेकींना टेकून उभ्या असायच्या. सकाळी चूल पेटवायच्या आधी जनाआत्या मला हाक मारायची, "सुमे, देवराईतनं काटक्या आण जा." मी जायची, काटे चुकवत काटक्या वेचायची आणि ओचा भरून परत यायची. ओढ्यात पाय ठेवायला दगड टाकले होते, त्या जागेला उतार म्हणायचं. पावसाळ्यातले मोजके दिवस सोडले तर तिथं अंगठा भिजेल एवढंही पाणी नसायचं, तरी शेजारच्या कान्हे गावाला निघालेल्या प्रत्येकाला आत्या बजावायची, "उताराला पाणी चढलंय का बघून जा." ओढ्यापलीकडच्या मुरमाड टेकाडाला वाघजाईचा माथा म्हणायचं. आमच्या वस्तीत घरांच्या दोनच रांगा, त्यातली एक वरली आळी आणि दुसरी खालली. माळ ताटासारखा सपाट होता, कुठंच वर नाही आणि खाली नाही, पण मला त्याचं कधी नवल वाटलं नाही. लहान मूल नावांवर शंका घेत नाही. भाकरीला भाकरी का म्हणतात हे ते विचारत नाही, तसंच.

ही सगळी नावं दुसऱ्या एका गावाची होती. करवंदे त्याचं नाव. वर घाटाच्या अंगाला, लोहगडाच्या पलीकडच्या खोऱ्यात ते होतं, आणि धरणाचं पाणी आलं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. मी तेव्हा आईच्या मांडीवर होते, त्यामुळं मला त्यातलं काही आठवत नाही. आम्हाला कान्ह्याजवळच्या माळावर जागा दाखवली गेली. आईनं मला पुढं कधीतरी सांगितलं, की ट्रकमधून सामान उतरत होतं, बायका मुसळं-उखळं कवटाळून रडत होत्या, पुरुष बिड्या ओढत एकमेकांकडं बघायचं टाळत होते आणि जनाआत्या एकटी माळावर हिंडत होती. दिवस मावळायच्या सुमारास ती परत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या दगडांपाशी उतार धरायचा. बाभळी हायत तिकडं देवराई. टेकाडावर वाघजाई बसवू." लोकांना वाटलं, हिच्या मनावर परिणाम झाला. पण दुसऱ्या दिवशी पाण्याला कुठनं जायचं, शेण कुठं टाकायचं, गुरं कुठं बांधायची हे एकमेकांना सांगताना कसली तरी नावं लागणारच होती. तिनं दिलेली तयार होती. आठवडाभरात सगळी वस्ती तीच नावं घ्यायला लागली.

जनाआत्या आबांची, म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. ती लग्नानंतर वर्षाच्या आतच विधवा होऊन माहेरी परतली आणि त्याच साली आजी वारली, तेव्हा आबा रांगत होते. त्यांना तिनंच वाढवलं. उंच, सडसडीत, काळी कुळकुळीत बाई. हातांवर गोंदण, अंगाला कायम खुरासणीच्या तेलाचा वास. तिचा आवाज दरी ओलांडून पलीकडं पोचेल असा होता. करवंद्यात तो उपयोगी पडत असेल. माळावर तो फार मोठा वाटायचा. ती शेळीला हाक मारायची तेव्हा कान्ह्याच्या फलाटावर उभी असलेली माणसं वळून बघायची, असं आबा कपाळाला आठ्या घालून म्हणायचे.

आमच्या घरात नाचणीची भाकरी असायची, काळी, जाड, तव्यावरून उतरली की ओल्या मातीसारखा वास येणारी. तिच्यावर खुरासणीची चटणी आणि जमलंच तर खेकड्यांचं कालवण. सणाला वरईचा भात. कान्ह्याची माणसं ज्वारी-बाजरीची भाकरी आणि पांढरा भात खायची. शाळेत मधल्या सुट्टीत आमच्या वस्तीतली पोरं भिंतीकडं तोंड करून जेवायची. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप तसेच बसायचो. आमच्या बोलण्याला एक लांब हेल होता, त्याची ती पोरं नक्कल करायची. आणि आम्हाला एक नाव होतं. बुडकी. बुडालेल्यांची ती बुडकी. वस्तीला बुडक्यांचा माळ. दुकानदारसुद्धा रागानं नाही, अगदी सहज म्हणायचा, "त्या बुडक्याच्या पोरीला आधी दे रं, लांब जायाचंय तिला."

देवराईचा अर्थ मला शाळेत कळला. गुरुजींनी धडा वाचता वाचता विचारलं, "देवराई म्हणजे काय, कोण सांगेल?" मला एरवी कशाचंच उत्तर यायचं नाही. त्या दिवशी मी उडी मारून हात वर केला. म्हटलं, "आमच्या घरामागं आहे गुरुजी. तीन बाभळी!" वर्ग खो-खो हसला. गुरुजी हसले नाहीत. ते भले गृहस्थ होते. देवाच्या नावानं राखलेलं जुनं रान, तिथं कुणी कुऱ्हाड लावत नाही, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "गुर्जी, ती बुडकी हाय. त्यांचं रान पान्यात गेलं, म्हनून बाभळीला देवराई म्हंत्यात." माझे कान तापले. आपल्या घरात सगळे मिळून काहीतरी खोटं बोलतात आणि ते आपल्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे, असं वाटणं फार वाईट असतं.

घरी येऊन मी दप्तर टाकलं आणि आत्याला थेट विचारलं, "आत्या, आपली देवराई खोटी हाय?"

ती नाचणी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खोटी कशी? काटक्या मिळत्यात ना तुला तितनं?"

"गुरुजी म्हणाले, देवराई म्हणजे मोठ्ठं रान."

"मोठी व्हतीच ती. आंबं, हिरडं, जांभळं. आत शिरलं का भर दुपारी अंधार. कुणी काडी मोडत नव्हतं तितली."

"मग आपण काटक्या कशा आणतो?"

तिचे हात थांबले. सुपातले खडे तिनं उगाच बाजूला सारले. मग म्हणाली, "वाघजाईला मी इचारलंय. ती म्हणली, वाढू दे आदी, मंग राखू."

वाघजाई आमच्याच घरात होती. करवंदे सोडताना आत्यानं तिचा शेंदूर माखलेला तांदळा, म्हणजे बिनघडणीचा दगड, पदरात बांधून आणला होता, आणि टेकाडावर देऊळ बांधायला कान्हेकरांची हरकत असल्यामुळं तो आमच्या पडवीत, कणगीशेजारी पाटावर ठेवलेला असायचा. आत्या रोज त्याला पाणी घालायची. माझं मात्र त्या दिवसापासून काहीतरी फिरलं. मी मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं. त्यांच्यासमोर मी ओढ्याला ओढा म्हणायची आणि घरी उतार. दोन भाषा बोलत असल्यासारखं.

लग्न झाल्यापासून मी लोणावळ्यात राहते. माझ्या गॅलरीतून हवा स्वच्छ असली की नागफणीचा सुळका दिसतो. पर्यटक तिला ड्यूक्स नोज म्हणतात. कुणा साहेबाच्या नाकासारखी दिसली म्हणून दुसऱ्या कुणा साहेबानं तिला हे नाव दिलं, असं सांगतात. इथं येणारे लाखो लोक ते नाव घेतात आणि त्यात कुणालाच काही हसण्यासारखं वाटत नाही. घोड्यावर बसून आलेल्या माणसानं डोंगराला आपल्या देशातल्या नाकाचं नाव दिलं तर ते नकाशावर जातं. ट्रकमधून उतरवलेल्या बाईनं बाभळींना आपल्या रानाचं नाव दिलं तर वर्ग हसतो. हे मला आता साठी उलटल्यावर सुचतं आहे. तेव्हा सुचलं असतं तर फार बरं झालं असतं, पण तेव्हा मला फक्त लाज वाटत होती.

माझ्याहून जास्त लाज आबांना वाटायची, हे मला उशिरा उमगलं. ते तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात रोजंदारीवर लागले आणि कालांतरानं कायम झाले. तिथं त्यांना कुणी गाव विचारलं की ते कान्हे म्हणायचे. घरात 'न्हाई' म्हणणारा हा माणूस कारखान्याच्या बसमध्ये चढताना 'नाही' म्हणायचा. आई त्यांची चेष्टा करायची, "बसच्या पायरीवर तुमची जीभ बदलती." एकदा डबा खाताना त्यांची नाचणीची भाकरी बघून कुणीतरी काहीतरी बोललं असावं. त्यानंतर त्यांनी डबा नेणं सोडलं. दुपारभर उपाशी राहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन तीच भाकरी चुलीशी बसून, आत्याच्या हातची, दोन्ही हातांनी खायचे. त्यांना आम्हा मुलींना यातून बाहेर काढायचं होतं. वाईट इच्छा नव्हती ती. मला आजही ती वाईट म्हणवत नाही.

शकूताई, माझी थोरली बहीण, लग्नाची झाली तेव्हा कारखान्यातल्याच एकानं परंदवडीचं स्थळ आणलं. घरची शेती, मुलगा नोकरीला, माणसं चांगली. आबांनी मध्यस्थाला सांगितलं होतं, आमी मूळचे कान्ह्याचेच, गावठाणात जागा पुरेना म्हणून माळावर घर बांधलं. मग पाहुणे येणार त्या दिवसाची तयारी सुरू झाली. आईनं शेजारून गव्हाचं पीठ आणि साजूक तूप आणलं. नाचणीची कणगी आतल्या खोलीत ढकलली. खुरासणीच्या तेलाची बाटली मोरीमागं गेली. वाघजाईच्या तांदळ्यावर गोणपाट टाकलं आणि त्यावर आबांनी स्वतः रिकामा डालगा पालथा घातला. ते करताना त्यांनी डोळे मिटून कपाळाला हात लावलेला मी पाहिला.

आणि मग ते आत्यापाशी येऊन बसले. ती उंबऱ्यावर बसून शेळीच्या पायातला काटा काढत होती. आबा काडीनं जमिनीवर रेघा ओढत राहिले. काटा निघाला, शेळी पळाली, तरी ते तसेच.

आत्याच म्हणाली, "बोल की. घशात काय अडाकलंय?"

"जनाक्का, उद्या पाव्हणं हायत तवर तू जरा... तुझ्या बोलण्यात ते सगळं येतं. देवराई, उतार. तुला सवय हाय, तुझा काय दोष न्हाई."

"मी बोलतच न्हाई मंग. गप बसते कोपऱ्यात."

"त्यांनी काय इचारलं म्हंजी?"

आत्यानं त्यांच्याकडं बघितलं. तिच्यापेक्षा कितीतरी लहान असलेला, तिच्याच कडेवर वाढलेला भाऊ. "बरं," ती म्हणाली, "मी शेळी घेऊन जाते बाभ..." आणि थांबून तिनं मुद्दाम सांगितलं, "देवराईत बसते. त्यांचं झालं का पोरीला पाठव बोलवायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरंच शेळी घेऊन गेली. जाताना शकूताईची वेणी तिनंच घातली, घट्ट, मधोमध भांग पाडून.

पाहुणे दुपारी आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा. मुलाचे चुलते, ज्यांना सगळे नाना म्हणत आणि ज्यांच्या शब्दाशिवाय त्या घरात पान हलायचं नाही, ते मागून येणार होते. ते कान्हे स्टेशनवर उतरून चालत निघाले आणि वाट चुकले. आम्ही पोहे परतून त्यांची वाट बघत बसलो. शेवटी ते ओढ्याच्या अंगानं आले, घामाघूम, पण हसतच. हातपाय धुऊन खाटेवर टेकले आणि म्हणाले, "तुमच्या हितं एक भारी माणूस भेटलं बगा. तिकडं बाभळीखाली एक म्हातारी बसलीय. म्या इचारलं, वस्तीवर कसं जायाचं? तर म्हणती, हितनं देवराईच्या कडंनं खाली जावा, मंग उतार लागंल, त्याला पानी चढलंय का तेवढं बगून पाय टाका! आन् ओढा तर कोरडा ठणठणीत! धूळ उडतीय त्यात!"

सगळे हसले. मुलाचे वडील हसले, मामा तर मांडीवर थाप मारून हसले. आईनं पदर तोंडाला लावला, ती हसत नव्हती. आणि मग आबा हसले. मी ते हसू बघितलं. आधी ओठ हलले, मग आवाज आला, मग खांदे हलले, जसं कुणी हसायला शिकवतंय त्यांना.

"कोण हाय वो ती?" नानांनी विचारलं.

"हाय वस्तीतली एक," आबा म्हणाले. "डोकं फिरलंय तिचं. हितं काय धरणातली माणसं बी ऱ्हायला आल्यात, त्यातली. कुणाकुणाचं असं झालं."

"आरारा," नाना म्हणाले. "मागं कुणी न्हाई का तिच्या?"

"न्हाई," आबा म्हणाले. "कुणी न्हाई."

मी पोह्यांच्या बशा घेऊन दाराशी उभी होते. उजेड कमी झाल्यासारखं वाटलं म्हणून मागं वळून बघितलं तर दारात आत्या उभी. तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. बाभळीखाली टेकताना नानांनी ती फांदीला अडकवली होती आणि तिथंच विसरले होते. ती पिशवी द्यायला आली होती. तिनं किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. तिचा चेहरा सांगत होता, आणि तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तो चेहरा बघून सगळ्यांनाच कळलं असतं. पण वेडी म्हणून एकदा ठरवलं की माणसं चेहरा बघत नाहीत.

माझ्या तोंडातून "आत्‌" एवढं निघालं. आईनं मागून माझं कोपर घट्ट दाबलं.

आत्या उंबऱ्याच्या आत आली नाही. ज्या उंबऱ्यावर आदल्या दिवशी तिनं काटा काढला, त्याच्या बाहेर उभं राहून, डोक्यावरचा पदर नीट करून, ती आबांना म्हणाली, "आवो मालक, ह्या पाव्हण्यांची पिशवी ऱ्हायली व्हती झाडाखाली."

मालक. आबांनी खाली बघितलं. त्यांना उठून पिशवी घेता आली नाही. मी घेतली. तिची बोटं माझ्या हाताला लागली, आणि तिनं माझ्याकडं सुद्धा अनोळखी बाईनं बघावं तसंच बघितलं. दिलेलं काम ती नीट करत होती. नाना कनवाळूपणानं म्हणाले, "बस की आजी, च्या घे." ती म्हणाली, "नगं बाबा. शेळी सुटलीय माझी." आणि गेली.

स्थळ जमलं. पाहुणे गेल्यावर आबांनी मला तिला बोलवायला पाठवलं, आणि मी निघायच्या आत स्वतःच चपला न घालता निघाले. ते बाभळींपाशी काय बोलले मला माहीत नाही. लांबून एवढंच दिसलं, की ते तिच्या पायाशी बसले होते आणि ती शेळीच्या गळ्यातली दोरी सोडून पुन्हा बांधत होती. दोघं बरोबर परत आली. आत्यानं चूल पेटवली, नाचणी कालवली. तिनं आदळआपट केली नाही, अबोला धरला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "सुमे, त्या बाभळींखालनं काटक्या आण जा."

त्या दिवसापासून तिनं एकही नाव घेतलं नाही. उताराला ओढा म्हणायची, माथ्याला टेकाड. वरली आळी म्हणजे आता "ती पलीकडची घरं." आबांनी फार प्रयत्न केला. जो माणूस ती नावं ऐकून कपाळाला आठ्या घालायचा, तोच आता मुद्दाम म्हणायचा, "जनाक्का, शेळी देवराईत गेली वाटतं." आत्या शांतपणे उत्तर द्यायची, "कुटली देवराई? बाभळी हायत तितं." आणि आबा भाकरीचा तुकडा हातात घेऊन तसेच बसून राहायचे. मला वाटायचं, तिनं ओरडावं, शिव्या द्याव्यात, भांडं फेकावं. शरमेला निदान काहीतरी तोंड मिळालं असतं. त्याऐवजी ती शरम आमच्या घरात धुरासारखी राहिली. कुठंही बसा, डोळ्यांत जायचीच.

गंमत अशी, की नावं गेली नाहीत. गेल्या वर्षी एका नातेवाइकाच्या दहाव्याला मी कान्ह्याला उतरले. रिक्षावाल्या पोरानं विचारलं, "कुठं जायचंय मावशी, देवराईला का?" मी दचकलेच. माळावर आता कुंपणांचे बंगले आहेत, बाभळी कुठं होत्या ते मला ओळखू आलं नाही. पण तिथल्या तिठ्याला देवराईच म्हणतात, आणि पुढं पूल झालाय त्याला उताराचा पूल. बुडकी हा शब्द त्या पोरानं ऐकलेला नव्हता. मी विचारलं, "हे नाव कसं पडलं रे?" तो म्हणाला, "पूर्वी हितं लय मोठं रान असणार मावशी. बंगलेवाल्यांनी तोडलं असणार." मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायला सुरुवात कुठून करायची हेच कळलं नाही.

आणखी एक गोष्ट शकूताईनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. तिच्या सासरी आम्ही करवंद्याचे, धरणातले, हे मध्यस्थाला बाहेरून कळलं होतं आणि त्यानं ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. आबा कान्हे म्हणतात तर म्हणू देत, असं त्यांचं आपसात ठरलेलं. बाभळीखालची म्हातारी कोण, तेवढंच फक्त त्यांना ठाऊक नव्हतं.

ते त्यांना लग्नात कळलं. परंदवडीत मुलाच्या दारी मांडव पडला होता. आमची सगळी वस्ती टेम्पोत बसून आली. अक्षता पडल्यावर नाना बायकांच्या घोळक्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "आरं, ती बाभळीखालची आजी बी आलीय की!" त्यांना खरंच आनंद झाला होता. आबा शेजारीच उभे होते, हातात अक्षतांचं रिकामं ताट. मला वाटलं, आता पुन्हा हसतील.

"ती माझी थोरली बहीण हाय, नाना," आबा म्हणाले. "तिनं मला वाढवलंय."

नाना त्यांच्याकडं बघत राहिले. "मंग त्या दिवशी तुमी..."

"त्या दिवशी मी खोटं बोललो."

नाना जाणते होते. भर मांडवात त्यांनी शब्द वाढवला नाही. ते आत्यापाशी गेले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आक्का, माझी पिशवी आणून दिली व्हती तुमी." आत्यानं त्यांच्या डोक्याला हात लावला आणि म्हणाली, "पोरीला संबाळा."

आबांना त्या एका वाक्यानं धीर आला असावा. ते ताठ उभे राहिले. पंगतीची वेळ झाली होती. परंदवडीच्या रिवाजाप्रमाणं पहिली पंगत मुलीकडच्यांची, आणि लाऊडस्पीकरवर गावाचं नाव घेऊन मानानं बोलवायचं. पुकारा करणारे गृहस्थ माईक हातात घेऊन आमच्याकडं आले आणि विचारलं, "मुलीकडचं गाव काय म्हणायचं?"

आबांनी घसा खाकरला. आदल्या रात्री त्यांनी आईला सांगितलं होतं, मांडवात करवंद्याचं नाव घेणार, मग कुणी हसू दे नाहीतर रडू दे. त्यांनी 'कर' म्हणायला तोंड उघडलेलं मी बघितलं.

"कान्हे," आत्या म्हणाली. दरी ओलांडणारा तो आवाज तिनं अगदी खाली आणला होता. "कान्हेकर म्हणा."

"जनाक्का..."

"शकूला हितं नांदायचंय," ती आबांना म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मारण्यासाठी नव्हता तो हात, हे मला शपथेवर सांगता येईल. पण आबा मारल्यासारखे खाली बसले.

लाऊडस्पीकर खरखरला. "कान्हेकर मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं!" मांडवात पानं मांडलेली होती, त्यावर भात वाढून झाला होता. आमची माणसं एका कडेला सतरंजीवर बसली होती, धुतलेली धोतरं, ठेवणीतली लुगडी. कुणीच उठलं नाही. हट्ट नव्हता त्यात कसला. कुणा दुसऱ्यांना बोलवत असतील असं त्यांना वाटलं. "कान्हेकर मंडळी! मुलीकडची कान्हेकर मंडळी, भात गार होतोय!" माणसं एकमेकांकडं बघायला लागली. परंदवडीचे वाढपी पळ्या घेऊन ताटकळत होते. मी आबांकडं बघितलं, त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. तेव्हा जनाआत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सावरला आणि पंगतीत पहिल्या पानावर जाऊन बसली. तिला बसलेली बघून वरल्या आळीतली माणसं उठली, मग खाललीतली, आणि सगळं करवंदे एकेक करून, मान खाली घालून, कान्हेकरांच्या पानांवर जाऊन जेवायला बसलं.